समुद्राच्या तळाशी माणसांसाठी घरं बांधली, राहायला मासे आले : स्कूबा जगभर नेणाऱ्या जाक कुस्तोची गोष्ट

परभणीला समुद्र नाही. गोदावरी आहे, पूर्णा आहे, जिंतूर तालुक्यात येलदरीचं धरण आहे, सेलू तालुक्यात वालूरची चक्राकार बारव आहे. समुद्र बघायचा म्हटलं की मात्र पाच-सहाशे किलोमीटरचा प्रवास आला. तरी दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की परभणीच्या, गंगाखेडच्या पोरांच्या स्टेटसला एक व्हिडिओ ठरलेला असतो. मालवण नाहीतर तारकर्ली. पाठीवर सिलिंडर, तोंडात नळी, आजूबाजूला पट्ट्यापट्ट्यांचे मासे आणि कॅमेऱ्याकडे बघून दाखवलेला अंगठा.

जाता जाता एक सांगून ठेवतो. पाण्याखाली असा अंगठा दाखवायचा नसतो. पाणबुड्यांच्या खुणांमध्ये अंगठा वर केला की त्याचा अर्थ 'मला वर जायचंय' असा होतो. सगळं ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करतात.

तर, आपल्याकडं पोहायला शिकायचं म्हणजे पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत ढकलून देणं. तिथून उठून आलेला गडी अर्ध्या तासाच्या सूचना ऐकून समुद्राच्या तळाशी जातो आणि आरामात श्वास घेतो, ही साधी गोष्ट नाही.

आता याच सिंधुदुर्गात आणखी एक मोठं काम हाती घेतलं गेलंय. 'आयएनएस गुलदार' नावाची भारतीय नौदलाची युद्धनौका होती. पोलंडमधल्या गदिनिया इथं बांधलेली ही नौका ३० डिसेंबर १९८५ ला नौदलात दाखल झाली. सैनिक आणि रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणं हे तिचं काम. १२ जानेवारी २०२४ ला पोर्ट ब्लेअरमध्ये ती निवृत्त झाली. भंगारात तोडण्याऐवजी ती वेंगुर्ल्याजवळ निवती रॉकच्या परिसरात समुद्राच्या तळाशी ठेवायची, तिथं पाण्याखालचं संग्रहालय करायचं आणि कृत्रिम रीफ तयार करायचं, अशी योजना आहे. केंद्र सरकारनं त्यासाठी ४६.९१ कोटी रुपये मंजूर केले आणि २०२५ मध्ये नौका महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात आली.

ही बातमी आल्यावर कमेंटमध्ये दोन प्रश्न सारखे दिसत होते. समुद्रात लोखंड टाकून मासे कसे वाढतील? आणि माणसाने तळाशी जाऊन जहाज बघावं, हे डोक्यात आलं कुणाच्या?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच माणसाच्या आयुष्यात सापडतात. त्याचं नाव जाक कुस्तो. डोक्यावर लाल लोकरीची टोपी, काटकुळी अंगकाठी, लांब नाक. एकेकाळी हा माणूस जगातल्या सगळ्यात ओळखीच्या चेहऱ्यांपैकी एक होता. पण समुद्राचा राखणदार म्हणून नावाजलेल्या या माणसाने सुरुवातीला समुद्राचं बरंच वाटोळंही केलं होतं. त्याची गोष्ट समजून घ्यायची ती त्यासाठीच.

विमान चालवायचं होतं, हात मोडला

जाक-ईव्ह कुस्तोचा जन्म ११ जून १९१० चा. गाव फ्रान्समधल्या बोर्दो शहराजवळचं, सेंट-आंद्रे-द-क्युबझाक. वडील श्रीमंत अमेरिकन लोकांचे खासगी सचिव म्हणून काम करायचे, त्यामुळं कुटुंबाचं बिऱ्हाड सतत पाठीवर. पोरगा तब्येतीनं किरकोळ होता, पण पाण्याचा नाद लहानपणापासूनचा. काही काळ कुटुंब अमेरिकेत होतं. तिथल्या एका उन्हाळी शिबिरात त्याला तळ्याच्या तळाशी पडलेल्या फांद्या काढायचं काम मिळालं आणि पाण्यात बुडी मारायची सवय लागली.

दुसरा नाद कॅमेऱ्याचा. तेराव्या वर्षी त्याने साठवलेल्या पैशातून सिनेमाचा कॅमेरा घेतला. अभ्यासात मात्र आनंद होता. शाळेच्या खिडक्यांच्या काचा फोडल्या म्हणून त्याला शाळेतून काढून टाकलं होतं.

१९३० मध्ये तो ब्रेस्टच्या नौदल अकादमीत दाखल झाला. त्याला व्हायचं होतं वैमानिक. नौदलाच्या हवाई शाखेचं प्रशिक्षणही सुरू झालं. पण १९३६ मध्ये रात्री गाडी चालवताना भीषण अपघात झाला. दोन्ही हात मोडले. एक हात तर कापावा लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याने नकार दिला. हात वाचला, पण वैमानिक होणं संपलं.

बदली झाली तुलों या भूमध्य समुद्रावरच्या बंदरात. तिथं फिलिप ताये या सहकारी अधिकाऱ्यानं सल्ला दिला, हातात ताकद आणायची असेल तर रोज समुद्रात पोहत जा. तायेने त्याला पाण्यात घालायचा चष्माही दिला. तो लावून कुस्तोने पाण्यात डोकं घातलं आणि खालचं जग पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. त्या दिवसानंतर त्याचं आयुष्य बदललं. पुढं फ्रेदरिक द्युमा हा भाल्याने मासे मारणारा पट्टीचा पोहणारा त्यांना येऊन मिळाला आणि तिघांचं त्रिकूट जमलं.

१९३७ मध्ये कुस्तोचं लग्न झालं. बायकोचं नाव सिमोन मेल्शियॉर. तिच्या घराण्यात नौदल अधिकारी होते आणि तिचे वडील 'एअर लिक्विड' या गॅस बनवणाऱ्या कंपनीत वरच्या पदावर होते. ही सोयरीक पुढं फार कामाला आली.

लाकडावर चालणारी गाडी आणि पाण्यातला श्वास

तोवर पाण्याखाली जायचे दोन मार्ग होते. एक, छाती भरून श्वास घ्यायचा आणि बुडी मारायची. दोन, पितळी टोप आणि जड बूट घालायचे आणि वरच्या होडीतून नळीनं येणाऱ्या हवेवर तळाशी चालायचं. पहिल्यात वेळ मिळायचा नाही, दुसऱ्यात मोकळं फिरता यायचं नाही. पाठीवर हवेची टाकी घेऊन उतरायचे प्रयोग ईव्ह ल प्रिअर या फ्रेंच अधिकाऱ्यानं केले होते, पण त्यात हवा सतत वाहत राहायची. निम्मी हवा फुकट जायची.

अडचण काय होती ते नीट समजून घेऊ. पाण्यात दर १० मीटर खाली गेलं की दाब एका वातावरणाने वाढतो. म्हणजे जमिनीवर जेवढा हवेचा दाब, त्याच्या दुप्पट १० मीटरवर आणि तिप्पट २० मीटरवर. छातीवर एवढा दाब असताना साध्या नळीने हवा ओढता येत नाही. म्हणून तोंडात येणारी हवा आजूबाजूच्या पाण्याइतक्याच दाबाची पाहिजे, आणि ती फक्त श्वास घेतानाच आली पाहिजे.

याचं उत्तर मिळालं गाडीच्या एका भागात. दुसरं महायुद्ध सुरू होतं. फ्रान्स जर्मनीच्या ताब्यात होता आणि पेट्रोलची प्रचंड टंचाई होती. लोक लाकूड, कोळसा जाळून तयार होणाऱ्या गॅसवर गाड्या चालवत होते. एअर लिक्विड कंपनीतल्या एमिल गान्यां या इंजिनिअरनं अशा गाड्यांच्या इंजिनाला लागेल तेवढाच गॅस सोडणारी एक झडप बनवली होती. सासऱ्यांच्या ओळखीनं कुस्तो त्याच्याकडं पोहोचला. गान्यांच्या लक्षात आलं, इंजिनाच्या जागी माणसाचं फुप्फुस धरलं की काम झालं.

१९४३ च्या सुरुवातीला पॅरिसजवळ मार्न नदीत पहिली चाचणी झाली. आडवं पोहताना यंत्र छान चालायचं. डोकं वर केलं की हवा भसाभस बाहेर, डोकं खाली केलं की श्वास अडकायचा. हवा सोडायची जागा आणि झडपेची जागा वेगळ्या उंचीवर होती, हे त्यामागचं कारण. दोन्ही जागा जवळजवळ आणल्या आणि प्रश्न सुटला. त्याच वर्षी उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात कुस्तो ते यंत्र लावून उतरला. वर बोट नाही, नळी नाही, दोरी नाही. माणूस माशासारखा आडवा, उभा, उलटा फिरू लागला. या यंत्राला नाव मिळालं 'ॲक्वालंग'. आज तारकर्लीत तुमच्या तोंडात जो रेग्युलेटर देतात, तो याच यंत्राचा वारस.

या युद्धाच्या काळात घरात मात्र मोठी फूट होती. जाकवर पुढं फ्रेंच प्रतिकार चळवळीसाठी केलेल्या कामाबद्दल सन्मान झाला, तर सख्खा थोरला भाऊ पिएर-आंत्वान नाझींच्या बाजूनं लिहिणारा पत्रकार होता. युद्ध संपल्यावर भावाला मृत्युदंड झाला. जाक नौदलाचा गणवेश घालून भावासाठी साक्ष द्यायला गेला. शिक्षा पुढं जन्मठेपेवर आली आणि १९५४ मध्ये भाऊ सुटला.

पाण्याने माफ केलं नाही

युद्धानंतर कुस्तो, ताये आणि द्युमा यांनी तुलोंमध्ये नौदलाचा पाण्याखालचा संशोधन गट सुरू केला. समुद्रात पेरलेले सुरुंग काढणं हे मुख्य काम. सोबत माणूस किती खोल जाऊ शकतो याचे प्रयोग.

हे प्रयोग स्वस्तात पडले नाहीत. १९४६ मध्ये वोक्लूझ इथल्या झऱ्याच्या गुहेत कुस्तो आणि द्युमा मरता मरता वाचले. नंतर कळलं की सिलिंडर भरणाऱ्या कॉम्प्रेसरने स्वतःचाच धूर आत ओढला होता आणि टाक्यांत विषारी कार्बन मोनॉक्साइड गेला होता. पुढच्या वर्षी मॉरिस फार्ग हा त्यांचा सहकारी १२० मीटरपर्यंत गेला आणि जिवंत परत आला नाही. कॉम्प्रेसर कुठं ठेवायचा, किती खोल जायचं, किती वेळ थांबायचं, हे आजचे नियम अशा अपघातांतून आलेत. तुमचा इन्स्ट्रक्टर 'श्वास रोखून वर येऊ नका' असं दहा वेळा बजावतो, त्यालाही कारण आहे. खालची दाबाची हवा वर येताना फुगते. श्वास रोखला तर फुप्फुसाला इजा होते.

१९५० मध्ये कुस्तोला त्याची लाडकी बोट मिळाली, 'कॅलिप्सो'. युद्धात सुरुंग शोधायला वापरलेली लाकडी बोट, नंतर माल्टामध्ये प्रवासी फेऱ्या मारायची. एका ब्रिटिश श्रीमंतानं ती विकत घेऊन कुस्तोला वर्षाला एक फ्रँक एवढ्या नावापुरत्या भाड्यानं दिली. दुरुस्तीला पैसे कमी पडले तेव्हा सिमोनने स्वतःचे दागिने विकले. कॅमेऱ्यासमोर ती फारशी आली नाही, पण बोटीवर नवऱ्यापेक्षा जास्त दिवस तिने काढले. बोटीवरची माणसं, पैसा, शिधा सगळं तिच्या हाताखाली चालायचं.

'द सायलेंट वर्ल्ड' हे पुस्तक १९५३ मध्ये आलं आणि जगभर खपलं. १९५६ मध्ये त्याच नावाचा माहितीपट आला. सोबत दिग्दर्शक होता तरुण लुई माल. या माहितीपटाला कान महोत्सवातला सर्वोच्च पुरस्कार आणि पुढं ऑस्करही मिळालं.

पण हाच माहितीपट आज बघायला बसलात तर पोटात गोळा येईल. कुठल्या जातीचे किती मासे आहेत हे मोजायला प्रवाळांमध्ये डायनामाइट फोडलेला दिसतो. बोटीच्या पंख्यात सापडून जखमी झालेलं देवमाशाचं पिल्लू मारून टाकलं जातं. रक्ताच्या वासानं शार्क येतात, तर बोटीवरची माणसं त्यांनाही ओढून काढून मारतात.

एवढंच नाही. बोट चालवायला पैसा लागायचा, तो कुठून यायचा? १९५४ मध्ये कॅलिप्सोनं अबुधाबीच्या समुद्रात तळाची पाहणी केली, ती तेल कंपन्यांसाठी. पुढं तिथंच तेलाचा मोठा खजिना निघाला. समुद्राचा सगळ्यात मोठा मित्र तेलवाल्यांना तळ दाखवत होता, ही गोष्ट त्याच्या चाहत्यांनाही पचायला जड जाते.

बुडालेलं जहाज, फुललेली बाग

त्याच माहितीपटात तांबड्या समुद्राच्या तळाशी पडलेलं एक जहाज दिसतं. 'थिसलगॉर्म' हे ब्रिटिशांचं मालवाहू जहाज. ऑक्टोबर १९४१ मध्ये जर्मन विमानांनी ते बुडवलं. आत सैन्यासाठी निघालेल्या मोटारसायकली, ट्रक, रेल्वेचं इंजिन असं सामान होतं. सुमारे ३० मीटर खोल पडलेलं हे जहाज कुस्तोच्या गटानं १९५० च्या दशकात शोधलं आणि जगाला दाखवलं. युद्धाच्या त्या सांगाड्यावर प्रवाळ फुटले होते आणि माशांचे थवे फिरत होते. आज ते जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध स्कूबा ठिकाणांपैकी एक आहे.

असं का होतं? आपल्या विहिरीचंच उदाहरण घ्या. जुन्या दगडी विहिरीत मासे कुठं दिसतात? दगडांच्या सांध्यात, कपारीत. मधल्या मोकळ्या पाण्यात लपायला जागाच नसते. समुद्राचंही तसंच. तळ बराचसा वाळूचा नाहीतर चिखलाचा असतो. वाळू हलती, त्यावर काही चिकटत नाही. तिथं एखादी टणक वस्तू पडली की आधी सूक्ष्म जीवांचा बुळबुळीत थर चढतो. मग शेवाळ येतं, शिंपले आणि कालवं चिकटतात. परिस्थिती मानवली तर पाण्यात तरंगणारी प्रवाळांची पिल्लं तिथं बसतात. खायला आणि लपायला मिळालं की छोटे मासे येतात, आणि त्यांच्यामागं मोठे. माणसाने बुद्ध्या अशी वस्तू तळाशी ठेवली की तिला कृत्रिम रीफ म्हणतात.

समुद्राखालचं गाव

मग आला कुस्तोच्या आयुष्यातला सगळ्यात वेडा प्रयोग. माणसाने समुद्राच्या तळाशी नुसतं फिरून यायचं कशाला, तिथं राहायला का जाऊ नये?

सप्टेंबर १९६२ मध्ये मार्सेयजवळ १० मीटर खोल एक मोठी टाकी ठेवली गेली. आल्बेर फाल्को आणि क्लोद वेस्ली हे दोघं तिच्यात आठवडाभर राहिले. १९६३ मध्ये सुदानच्या किनाऱ्यापलीकडं, शाब रुमी या प्रवाळ बेटाजवळ अख्खी वस्ती उभी राहिली. ताऱ्याच्या आकाराचं राहायचं घर, छोट्या पाणबुडीसाठी घुमटाचं गॅरेज, सामानाची खोली, शार्कपासून बचावाचे पिंजरे, आणि आणखी खोलवर दोन माणसांसाठी वेगळी खोली. मुख्य घरात पाच जण महिनाभर राहिले. सोबतीला एक पोपटसुद्धा होता. सिमोननंही तिथं शेवटचे काही दिवस मुक्काम केला. या वस्तीवरच्या माहितीपटालाही ऑस्कर मिळालं. १९६५ मध्ये तिसरा प्रयोग झाला, १०० मीटर खोल. त्यात सहा जण होते, आणि त्यांतला एक कुस्तोचा धाकटा मुलगा फिलिप.

या प्रयोगांना फ्रान्सच्या पेट्रोकेमिकल उद्योगाचा पैसा होता. माणसं तळाशी राहून तेलविहिरींवर काम करू शकतात का, हे त्यांना बघायचं होतं. पण हे प्रचंड खर्चाचं होतं, धोक्याचं होतं आणि पुढं यंत्रमानव तेच काम स्वस्तात करायला लागले. समुद्राखालच्या वसाहतींचं स्वप्न तिथंच थांबलं.

शाब रुमीवरून ताऱ्याचं घर काढून नेलं. गॅरेजचा घुमट, सामानाची खोली, पिंजरे मात्र तिथंच राहिले. माणसं महिन्याभरात निघून गेली आणि त्या लोखंडावर प्रवाळ वाढले, माशांनी आत संसार थाटला. आज जगभरातून स्कूबा करणारे ती वस्ती बघायला जातात. माणसांसाठी बांधलेलं गाव माशांच्या नावावर झालं.

शिकारी राखणदार कसा झाला

याच काळात कुस्तो बदलत होता. १९५७ पासून तो मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाचा संचालक होता. १९६० मध्ये फ्रान्सच्या अणुऊर्जा खात्यानं किरणोत्सर्गी कचरा भूमध्य समुद्रात टाकायचं ठरवलं, तेव्हा कुस्तोने जाहीर विरोध केला. लोक पाठीशी उभे राहिले आणि ती योजना मागं पडली.

तरुणपणी जिथं बुडी मारली होती, तिथं तो वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा गेला. जागा तीच, मासे गायब. त्याला कळलं की आपण बघतोय तोवरच हे संपत चाललंय. १९६८ पासून अमेरिकन टीव्हीवर त्याची मालिका सुरू झाली आणि ज्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता, त्यांच्याही घरात शार्क आणि देवमासे पोहोचले. १९७३ मध्ये त्याने समुद्ररक्षणासाठी 'कुस्तो सोसायटी' काढली. अंटार्क्टिकात खाणकाम होऊ नये म्हणून त्याने दहा लाखांहून जास्त सह्या गोळा केल्या. १९९१ च्या माद्रिद करारात तिथल्या खनिज उत्खननावर बंदी आली, त्यात या मोहिमेचा वाटा होता.

घरात मात्र दुःख साचत गेलं. २८ जून १९७९ ला लिस्बनजवळ समुद्री विमानाच्या अपघातात फिलिप गेला. बाप त्याच्याकडं आपला वारसदार म्हणून बघत होता. १९९० मध्ये सिमोन गेली. पुढच्या वर्षी कुस्तोने फ्रान्सीन त्रिप्ले हिच्याशी लग्न केलं, तेव्हा जगाला कळलं की त्यांना आधीपासून दोन मुलं आहेत. थोरला मुलगा जाँ-मिशेल याने फिजीतल्या रिसॉर्टला कुस्तो नाव दिलं म्हणून बापाने त्याला कोर्टात खेचलं.

जानेवारी १९९६ मध्ये सिंगापूरच्या बंदरात एका बार्जची धडक बसून कॅलिप्सो बुडाली. तिला वर काढलं, पण पुढची कित्येक वर्षं ती वादात अडकून धक्क्यावर कुजत पडली. २५ जून १९९७ ला पॅरिसमध्ये कुस्तो वारला. वय ८७. नोत्र-दाम चर्चमध्ये प्रार्थना झाली आणि ज्या गावात जन्मला, त्याच गावात त्याला दफन केलं.

मग निवतीचं काय?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडं येऊ. समुद्रात लोखंड ठेवून मासे वाढतात का? वाढू शकतात. पण काय ठेवलं, कसं ठेवलं आणि नंतर कुणी लक्ष दिलं, यावर सगळं अवलंबून आहे.

फसलेलं उदाहरण अमेरिकेत आहे. १९७० च्या दशकात फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर सुमारे वीस लाख जुने टायर समुद्रात टाकले. कृत्रिम रीफ होईल असं सांगितलं होतं. टायर बांधलेल्या पट्ट्या गंजल्या, तुटल्या. टायर सुटले, वादळात फिरत राहिले आणि शेजारच्या खऱ्या प्रवाळांवर आपटून त्यांचंच नुकसान केलं. नंतर सैन्याचे पाणबुडे लावून ते बाहेर काढायची वेळ आली. कचरा टाकायला जागा हवी होती आणि त्याला रीफ हे नाव दिलं होतं.

चांगलं उदाहरण आपल्याकडंच आहे. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं केरळ, तमिळनाडूच्या किनाऱ्यावर सिमेंटचे खास ढाचे तळाशी ठेवले आहेत. तिथं विचार स्थानिक मच्छीमारांच्या पकडीचा होता.

जहाज ठेवायचं तर आधी त्यातलं तेल, वायरी, विषारी रंग, ॲस्बेस्टॉस काढावं लागतं. आत शिरलेला माणूस अडकू नये म्हणून मोठी भोकं पाडावी लागतात. वादळात हलणार नाही अशी जागा निवडावी लागते. मालवणचा समुद्र तर आणखी नाजूक. तिथं १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि महाराष्ट्रातले मोजके प्रवाळ याच भागात आहेत. मच्छीमारांचं काय, त्यांची जाळी अडकली तर काय, हे त्यांना विचारूनच ठरायला हवं. शिवाय शास्त्रज्ञांमध्ये एक वाद आजही आहे. कृत्रिम रीफमुळं मासे खरंच वाढतात, की आजूबाजूचे मासे नुसते एका जागी गोळा होतात? गोळाच होत असतील आणि त्याच जागी बेसुमार मासेमारी झाली, तर आहेत तेही संपतील. म्हणून जहाज खाली ठेवलं की काम संपत नाही. पुढची वर्षानुवर्षं मोजदाद करावी लागते.

आणि आपल्यासारख्या, लांबून सुट्टीला जाणाऱ्या माणसाचं काम काय? पहिल्यांदा स्कूबा करत असाल तर इन्स्ट्रक्टरचा हात सोडू नका. प्रशिक्षण नसताना कुठल्याही जहाजाच्या आत शिरू नका. वर जाणारा रस्ता बंद असतो, हवा मोजकी असते आणि गाळ उठला की काही दिसत नाही. प्रवाळाला हात लावू नका, त्यावर पाय देऊ नका. तुम्हाला तो दगड वाटतो, पण तो जिवंत प्राणी आहे आणि त्याची वाढ वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर एवढीच असते. माशांना बिस्किटं टाकू नका, व्हिडिओ कितीही भारी येत असला तरी.

जाक कुस्तोने माणसाला पाण्यात श्वास दिला. त्याच हातांनी त्याने डायनामाइटही फोडला आणि तेलाचा तळही दाखवला. मग आपल्या डोळ्यांदेखत समुद्र रिकामा होताना बघून उरलेलं आयुष्य तो वाचवायला लावलं. शिकारी ते राखणदार हा प्रवास करायला त्याला अर्धं आयुष्य लागलं. आपल्याला तेवढा वेळ घ्यायची गरज नाही, कारण त्याने केलेल्या चुका आपल्यासमोर आहेत.

शाब रुमीचं गाव माणसांसाठी बांधलं होतं आणि मासे राहायला आले, तो योगायोग होता. निवतीला जे करायचंय ते ठरवून करायचंय. त्यामुळं तिथं आधी माशांचा विचार झाला पाहिजे, आपल्या व्हिडिओचा नंतर. तिथं मासे राहिले, तरच परभणीहून रात्रभर प्रवास करून गेलेल्या पोराला बघायला काहीतरी उरेल.